कापल्याशिवाय कळत नाही

दातांच्या डॉक्टरांनी आयुष्यातला पहिला मातीचा वाडगा चाकावर उभा केला, तेव्हा त्यांनी आधी हात पुसले, मोबाईल काढला, वाडग्याचे चारी बाजूंनी फोटो घेतले, बायकोला पाठवले, आणि मग शिकवणाऱ्या बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की जणू आता टाळ्याच पडणार. बाईंनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली तार काढली. दोन टोकांना दोन लाकडी गुंड्या बांधलेली ती बारीक तार त्यांनी दोन्ही हातांत ताणून धरली आणि वाडग्याच्या कडेपासून बुडापर्यंत सरळ खाली ओढली. वाडग्याची दोन शकलं झाली. डॉक्टरांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांच्या दवाखान्यात एरवी खुर्चीतल्या माणसाच्या तोंडून निघत असे.

"बघा," बाई म्हणाल्या, "कड कागदासारखी पातळ. आणि बूड? या बुडावर दुमजली घर बांधता येईल."

"पण बाई, बाहेरून तर छान दिसत होता!"

"बाहेरून सगळेच छान दिसतात."

बाईंच्या वर्गाचा हा नियमच होता. नवशिक्याचं भांडं चाकावर तयार झालं की तारेखाली जायचं. भिंत आतून कुठे जाडावली, कुठे रोडावली, बुडाशी किती माती दडून बसली, हे बाहेरून कुणाच्या बापाला दिसत नाही. ते पाहायचं तर भांडं उभं चिरावं लागतं. पाहून झालं की शकलं ओल्या मातीच्या बादलीत, आणि पुन्हा नवा गोळा. "कापल्याशिवाय कळत नाही," एवढं एकच वाक्य बाई त्यावर बोलत. काही जण रुसून जात. जे राहत ते मात्र असे राहत की हाकललं तरी हलत नसत. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. बायकोच्या वर्गाला ते कत्तलखाना म्हणत आणि शनिवारी दुपारी दारातून डोकावून विचारत, "आज किती?"

वाक्य बाईंचं नव्हतं, त्यांना माती शिकवणाऱ्या मास्तरांचं होतं. बाई तरुणपणी एका कचेरीत टंकलेखन करत. मास्तरांच्या कार्यशाळेतून त्यांनी एक पाण्याचा जग विकत नेला होता आणि तो बुडातून झिरपायला लागला. बाई जग घेऊन तावातावाने भांडायला गेल्या. मास्तर चाकावर बसलेले. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. भाजणी कमी पडली. आता बोल, दुसरा देऊ की करायला शिकवू?" भांडायला गेलेली बाई तिथेच चिकटली. कचेरी सुटली की थेट मास्तरांकडे. पहिलं सबंध वर्ष तिचं एकही भांडं भट्टीत गेलं नाही, सगळी तारेने खाल्ली. घरी आई म्हणायची, "अगं, शिकतेस म्हणतेस, तर एखादी वाटी तरी दिसू दे आम्हाला." दाखवायला वाटी नव्हती, पण नखांत माती मात्र भरपूर होती.

पुढे व्हायचं ते झालं. नोकरी सुटली, गल्लीच्या टोकाचं बंद पडलेलं गॅरेज भाड्याने मिळालं, त्यात आधी दोन चाकं आली, मग भट्टी, मग आणखी चाकं. बाईंनी ताटं केली, फुलदाण्या केल्या, प्रदर्शनं मांडली, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि शिकवता शिकवता केस पिकवले. गॅरेजच्या भिंतींना लागलेला ऑइलचा वास काही गेला नाही, पण त्यावर ओल्या मातीचा वास येऊन बसला. घरात एकाही कपाला जोडीदार नव्हता, कारण जे विकलं जाई ते जोडीने जाई आणि ज्याची झिलई बिघडे ते स्वयंपाकघरात येई. बाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारं प्रकरण. हाताखालून शेकडो माणसं गेली. त्यांत न्यायाधीश होते, नट होते, एक पहिलवानही होता. तार कुणासाठी थांबली नाही.

मास्तर ऐंशीला टेकले आणि एका सकाळी दात घासता घासता त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. जीभही वाचली, आणि ती किती धडधाकट वाचलीय हे पुढे सगळ्यांना कळलंच. पाय काठी घेऊन चालायला लागला. राहिला तो उजवा हात. बोटं होती जागेवर, पण सांगितलेलं ऐकत नव्हती.

मास्तरांची सून शहरात बस चालवायची. आवाज हॉर्नच्या वरचा, मन लोण्याचं. एका दुपारी ड्युटी संपवून गणवेशातच ती बाईंच्या गॅरेजात आली आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली.

"ताई, माणूस संपत चाललाय हो. दिवसभर खिडकीशी बसायचं आणि गल्लीत कोण गाडी वाकडी लावतो ते बघायचं. जेवायला नको, बोलायला नको. मातीचं नाव काढलं की अंगावर येतात. दवाखान्यात म्हणाले हात हलता ठेवा, नाहीतर आहे तोही जाईल. मी दाबायला रबरी चेंडू आणून दिला, तो खिडकीतून बाहेर फेकला त्यांनी."

"कुठल्या हाताने?"

"डाव्या."

"लांब गेला का?"

"समोरच्यांच्या गच्चीत!"

"मग आणा त्यांना इकडे," बाई म्हणाल्या.

बोलून गेल्या खऱ्या, पण त्या दुपारी त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. मास्तर चाकाशिवाय जगणारे नव्हेत, हे त्यांना सुनेपेक्षा जास्त ठाऊक होतं. एक भांडं त्यांच्या हातून उभं राहिलं तर ते उभे राहतील, नाहीतर त्या खिडकीतच विझून जातील. आणि ते उभं करून घ्यायचं कुणी? तर ज्या पोरीला त्यांनी गोळा कसा धरायचा हे शिकवलं होतं, तिने.

मास्तर आले ते अटी घालतच आले. "मी नुसता बसायला आलोय. मातीला हात लावणार नाही. मला कुणी काही सांगायचं नाही." त्यांना दाराशी खुर्ची दिली. पहिला दिवस ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर चाकावर गोळा मध्यावर आणायला धडपडत होते, गोळा डुगडुगत होता, आणि डॉक्टर दोन्ही हातांनी त्याला वर ओढत होते. मास्तरांना राहवलं नाही.

"अहो, माती आहे ती! दाबायची असते. दात समजून उपटताय काय?"

वर्ग हसून हसून लोळला. सगळ्यांत जास्त डॉक्टरच हसले, आणि त्या दिवसापासून मास्तरांच्या खुर्चीजवळचं चाक त्यांनी स्वतःसाठी धरून ठेवलं. मास्तर त्यांना दर खेपेला काहीतरी सांगायचे, डॉक्टर दर खेपेला मान डोलवून नेमकं उलट करायचे, आणि मास्तर कपाळाला हात लावून म्हणायचे, "पालथ्या घड्यावर पाणी!" घरी गेल्यावर म्हणे मास्तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. सुनेने बाईंना हे फोन करून सांगितलं, तेही बसच्या थांब्यावरून, मागे गाड्या वाजत असताना.

मग एका दुपारी वर्ग सुटला, सून यायला वेळ होता, बाई भट्टीतून भाजलेली भांडी काढत होत्या. मागे चाक सुरू झाल्याचा आवाज आला. वळून पाहतात तर मास्तर चाकावर. डाव्या हाताने त्यांनी एक गोळा चाकावर आपटला होता, पाण्यात हात बुडवला होता, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने उजवा हात बाहेरून लावून डावा आत घालायला बघत होते. उजव्याने दगा दिला. गोळा डगमगला, चाकावरून सुटला आणि थेट बाईंच्या पोटावर येऊन आदळला.

 चाक रिकामंच फिरत होतं आणि मास्तर त्याच्याकडे बघत होते.  बाईंनी पोटावरची माती काढली, पुन्हा तिचा गोळा केला, आणि चाकाखालचं बटण दाबलं. चाक थांबलं आणि उलट फिरायला लागलं.

"हे काय?"

"उलटं चालवूया. डावा बाहेरून काम करेल. उजवा आत नुसता टेकवायचा."

"उलटं? पन्नास वर्षं मी चाक असं फिरवलंय आणि आता तू मला उलटं फिरवायला सांगतेस?"

"पन्नास वर्षं तुमचा उजवा हात ऐकत होता."

मास्तरांनी भुवया चढवल्या. "तुझ्या जिभेला हाड नाही."

"कुणाकडून शिकले?"

मास्तर हसले नाहीत, पण डावा हात त्यांनी पाण्यात बुडवला.

खरं सांगायचं तर मास्तर वाईट विद्यार्थी होते. ज्याला काही येत नाही त्याला शिकवणं सोपं, ज्याला सगळं येतं त्याचं काय करणार? डोकं एक सांगे, हात दुसरंच करी. कोपर मांडीला टेकवा म्हटलं की म्हणायचे, "हे मीच तुला सांगितलं होतं." चाक हळू करा म्हटलं की वाढवायचे. गोळा उडाला की चाकाला शिव्या, चाकाने ऐकल्या नाहीत की डॉक्टरांना. पण रोज येत होते. सून ड्युटीच्या वेळा बदलून त्यांना आणत होती आणि कोपऱ्यात बसून डुलक्या काढत होती.

आणि एका शनिवारी, सगळा वर्ग भरलेला असताना, मास्तरांच्या चाकावर एक वाडगा उभा राहिला. बसका, एका अंगाला किंचित कललेला, पण वाडगा. सगळ्यांची चाकं थांबली. सून जागी झाली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. मास्तरांनी चाक बंद केलं, मांडीवर हात ठेवले आणि बाईंकडे पाहिलं.

बाईंना लांबूनच दिसत होतं की बुडाला निम्मी माती तशीच बसलीय. नवशिक्याचं हमखास होतं तसंच. त्या खिळ्यापर्यंत गेल्या. तारेला हात लावला. आणि काढला. इतक्या दिवसांनी उभं राहिलेलं भांडं, ऐंशी वर्षांचा माणूस, वर सून रडतेय. कापायचं कसं?

"वा, मास्तर!" त्या म्हणाल्या. "फारच सुरेख झालाय. हा भट्टीत जाऊ दे."

डॉक्टरांनी मान वळवून तारेकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. मास्तर क्षणभर बाईंकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण माणूस एकदा माया करायला लागला की त्याला पुरेसं कधी होत नाही. दुसऱ्या दिवशी वाडगा जरा सुकून घट्ट झाल्यावर बाईंनी तो चाकावर पालथा घातला आणि पोलादी कोरणीने त्याचं बूड तासायला घेतलं. पट्टीसारखी माती निघत राहिली, निघत राहिली. कलही थोडा काढला. खाली सुबक गोल पाया कोरला. मग भाजला, आपल्याकडची सगळ्यांत चांगली हिरवी झिलई लावली, आणि पुन्हा भाजला. भट्टीतून निघालेला वाडगा पाहून त्या स्वतःवरच खूश झाल्या.

पुढच्या वर्गाला त्यांनी तो सगळ्यांसमोर मास्तरांच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वाडगा डाव्या तळहातावर घेतला आणि नुसता वर-खाली केला, बाजारात फळ घेताना करतात तसा. मग उलटा केला. बुडावर नख वाजवलं.

"हा कुणाचा?"

"तुमचाच की, मास्तर."

"माझं बूड एवढं हलकं नव्हतं."

कुणी हसलं नाही.  मास्तरांनी वाडगा शेजारच्या फळीवर ठेवला, काठी घेतली आणि सुनेला म्हणाले, "चल." दारापाशी थांबून वळले. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं.

"माझी कीव करायला घरी माणसं आहेत. त्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं?"

मग मास्तर आलेच नाहीत. सुनेचा फोन आला की बाईंच्या काळजाचं पाणी व्हायचं. खिडकी पुन्हा सुरू झाली होती. दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद झालं होतं. बाई वर्गात लोकांवर खेकसायला लागल्या आणि तार अशी ओढायला लागल्या की डॉक्टर भांडं करायच्या आधीच दबकून बसू लागले.

"मी त्यांचं भलंच करायला गेले ना?" घरी त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा डोळ्याला भिंग लावून कुणाच्यातरी घड्याळात घुसला होता.

"लग्न झाल्यापासून रविवारी स्वयंपाक मी करतो," तो भिंग न काढता म्हणाला. "आजपर्यंत तू एकदाही चांगला झालाय म्हणाली नाहीस. मीठ कमी, तेल जास्त, हे करपलं, ते कच्चं. मी अजून करतोय. ज्यांना चांगलं म्हणालीस ते घरी बसले."

 बाईंनी चपला घातल्या आणि मास्तरांच्या घरी निघाल्या.

मास्तर खिडकीशीच होते. मागे वळले नाहीत. "तो बघ, अर्धी गाडी फुटपाथवर," ते म्हणाले. बाई स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्याही गाडी बघू लागल्या.

"चुकलं माझं, मास्तर."

"काय चुकलं? नीट सांग. नुसतं चुकलं म्हणणाऱ्याला काय चुकलं ते कळलेलं नसतं."

"तुमचं भांडं कापलं नाही. वर चोरून तासलं."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि तुझी कापताना मला काय आनंद व्हायचा?"

"व्हायचा की! चेहऱ्यावर दिसायचा."

"काहीतरीच बोलू नकोस. एकदा तर तू घरी गेल्यावर दोन्ही तुकडे जोडून बसलो होतो मी, वेड्यासारखा. लाल डोळे करून गेली होतीस." मास्तर आता वळले. "पण कापायचो. ज्याच्या हातून पुढचं भांडं होणार असतं त्याचंच कापतात, पोरी. माझं तू ठेवलंस. सजवलंस. हिरवी झिलई काय, पाया काय! म्हणजे तुझ्या मनाने ते माझं शेवटचंच होतं ना?"

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. छप्पन वर्षांची बाई, जिला अख्खा वर्ग टरकून असायचा, ती ओढणीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली. कारण म्हातारा बोलत होता त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. तिने मनातल्या मनात त्यांना संपवून टाकलं होतं आणि वर त्याला प्रेम म्हटलं होतं.

"शनिवारी या," रडं आवरल्यावर त्या म्हणाल्या.

"बघू."

"बघू नाही. यायचं. सगळ्यांसमोर कापीन."

"हात थरथरेल तुझा."

"थरथरू दे. तार सरळ जाईल."

मास्तर पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. पण निघताना मागून आवाज आला, "आणि त्या दातवाल्याला सांग, माझं चाक सोड म्हणावं."

शनिवारी मास्तरांचा वाडगा उभा राहिला आणि बाईंनी तार घेतली. हात थरथरलाच. सुनेने डोळे मिटून घेतले. तार बुडाशी येऊन अडली, इतकी माती होती तिथे, बाईंना जोर लावून ओढावी लागली. दोन तुकडे बाजूला पडले.  मास्तर खाली वाकून बघत होते.

"वीट आहे," ते म्हणाले.

"वीटच आहे," बाई म्हणाल्या.

"गुरूची विद्या गुरूला फळली म्हणायची," असं म्हणून म्हातारा जो हसायला लागला, तो खोकला येईपर्यंत हसत राहिला. डॉक्टरांनी तर उठून त्यांच्याशी हात मिळवला, क्लबात नवा सभासद आल्यासारखा.

त्यानंतर बाईंनी मास्तरांची किती भांडी कापली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मास्तरांची आणि डॉक्टरांची शर्यत लागायची, कुणाचं बूड जास्त जाड. हरला तो चहा करायचा. मास्तर हरले की चहा सुनेला करावा लागे, म्हणून ती बाईंच्या नावाने बोटं मोडायची. पण तिने एक गोष्ट पाहिली होती. वाडग्याच्या आत नुसती टेकवून ठेवलेली उजव्या हाताची बोटं हळूहळू दाब द्यायला लागली होती. घरी मास्तर त्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावायला बघत आणि जमेनासं झालं की बटणालाच शिव्या देत.

पण सगळंच सरळ चाललं नव्हतं. मधे एकदा मास्तरांना चक्कर आली, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, जपा. सुनेने ते बाईंना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि वर्गाचा दिवस बदलला नाही.

मास्तर परत आले त्या शनिवारी बोलायच्या मूडमध्ये नव्हते. आल्या आल्या चाकावर बसले. गोळा आपटला, पाणी लावलं, चाक उलट फिरायला लागलं. गोळा एकदाच हलला आणि मध्यावर येऊन गप्प झाला. अंगठा आत गेला. डावा हात बाहेरून, उजवा आतून, माती दोघांच्या मधून वर चढायला लागली. सावकाश, कुठेही न अडखळता. बाई दुसऱ्या टोकाला कुणालातरी काही सांगत होत्या, त्या मधेच थांबल्या. मास्तरांनी भांड्याचं पोट फुगवलं, गळा आवळला, कड बाहेर वळवली. चाक थांबवलं.

पाण्याचं भांडं होतं. सरळ, ऐटदार, कुठेही कल नाही. ओल्या मातीवर दिव्याचा उजेड चमकत होता. जुन्या मास्तरांचं भांडं जसं उभं राहायचं तसंच ते उभं होतं, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"झालं!" डॉक्टर ओरडले. "मास्तर, झालं!"

बाई तारेकडे निघाल्या तसा सगळा वर्ग मधे आला. "बाई, नको!" "बाई, हे राहू द्या!" "निदान फोटो तरी काढू द्या!" सुनेने तर बाईंचं मनगटच धरलं. तिचा तो हॉर्नच्या वरचा आवाज अगदी खाली आला होता.

"ताई, हे एक राहू द्या हो. दवाखान्यातले डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला माहीत आहे. पुन्हा झालं नाही तर?"

बाईंना ते हवं होतं. त्या गॅरेजात कुणालाही नसेल इतकं त्यांना ते भांडं हवं होतं. भाजून, घरात अगदी समोर ठेवायला, मास्तर गेल्यावर त्यातून पाणी ओतायला. पुन्हा झालं नाही तर त्यांच्याजवळ काहीच राहणार नव्हतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर काही सांगत नव्हते, मानही हलवत नव्हते. फक्त थांबले होते, पहिल्या वाडग्याच्या वेळी थांबले होते तसेच, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. म्हातारा घाबरला होता. तारेला नाही, ती खिळ्यावरच राहील याला.

"बाहेरूनच वाईट दिसतं ते कापून काय कळणार?" बाई सुनेचा हात हळूच सोडवत म्हणाल्या. "बाहेरून छान दिसतं त्याच्याच आत बघावं लागतं. कापायचं ते असलंच."

त्यांनी तार ताणली आणि कडेपासून सरळ खाली ओढली. कुठेही अडली नाही. बुडातून अलगद बाहेर आली. कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक डॉक्टरांनी. बाईंनी एक शकल सोडवून मास्तरांसमोर धरलं.

भिंत वरपासून खालपर्यंत सारखी होती. गळ्यापाशी सारखी, पोटापाशी सारखी, आणि बुडाशी वळताना जेवढी हवी तेवढीच जाड, त्याहून कणभर जास्त नाही. हे बाहेरून कुणाला कधीच कळलं नसतं. मास्तरांनी उजवा हात उचलला. त्याला वेळ लागला. तर्जनी त्यांनी कापलेल्या कडेवर ठेवली आणि खालून वर फिरवत नेली, सबंध. कुठे थांबले नाहीत.

"आहे," ते म्हणाले. "हात आहे अजून."

 बाईंनी मान हलवली.

मास्तरांनी ते शकल त्यांच्या हातातून घेतलं, चाकावरचं दुसरं उचललं, दोन्ही एकमेकांवर दाबून चपटी केली आणि शेजारच्या बादलीत टाकली. मग चाकावरचं पाणी पुसलं आणि ओला हात बाईंच्या पुढे पसरला.

"गोळा दे. आणि या खेपेला जरा मोठा दे."

बाईंनी बाहीने डोळे पुसले, त्यामुळे गालभर माती लागली, आणि त्या मोठा गोळा मळायला बसल्या.